बॉनेट कापण्याआधी: पिकअपच्या इंजिनाची गरम हवा बाहेर काढण्याचा योग्य क्रम

एप्रिल-मे लागला की पिकअपवाल्यांचा एक प्रश्न ठरलेला: इंजिन गरम होतंय, बॉनेटवर स्कूप (हवा आत घेणारं उंचवट्याचं तोंड) बसवला तर फरक पडेल का? बरेच जण उत्तराची वाट न पाहता पत्रा कापून मोकळे होतात. मग शिळफाट्याला गाड्यांच्या रांगेत तापमानाचा काटा पुन्हा वर जातो, पावसाळ्यात त्याच भोकातून अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रावर) पाणी पडतं आणि फिटनेसला गाडी नेल्यावर उत्तरं देत बसावं लागतं. मुळात क्रम चुकलेला असतो. जे काम शेवटी करायचं, ते पहिलं केलेलं असतं.

थोडक्यात उत्तर असं. पुढे तोंड असलेला, हवा आत घेणारा स्कूप बहुतेक पिकअपमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव) थंड करत नाही. गाडी वेगात असताना तो रेडिएटरमधून जाणारी हवा कमीसुद्धा करू शकतो. गरम हवा बाहेर सोडणारा, मागे तोंड असलेला व्हेंट योग्य जागी असेल तर बॉनेटखालची उष्णता कमी होते. ती योग्य जागा मोजून काढावी लागते, डोळ्यांनी ठरत नाही.

हे सगळं बोलेरो पिकअप, योद्धा, डी-मॅक्स अशा पुढे बॉनेट असलेल्या गाड्यांसाठी आहे. टाटा एस किंवा सपाट तोंडाचे ट्रक यांत इंजिन सीटखाली वा केबिनखाली असतं, त्यामुळे तिथे स्कूपचा प्रश्नच येत नाही. टप्पा २ मात्र त्यांनाही तितकाच लागू आहे.

## टप्पा १: नेमकं काय गरम होतंय ते ठरवा

‘इंजिन गरम होतं’ या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिली, कूलंटचं तापमान वाढतं: काटा चढतो, एसी आपोआप बंद होतो, पाणी बाहेर येतं. दुसरी, बॉनेटखालची हवा तापते: वायरिंगचं आवरण कडक होतं, रबरी होज फुगतात, बॅटरी लवकर जाते, केबिनमध्ये पायाशी झळ लागते. काटा मात्र जागेवर असतो. तिसरी, इंजिनात जाणारी हवा गरम असते: चढणीला गाडी ओढत नाही, वेग धरायला वेळ लागतो.

बॉनेटच्या व्हेंटचा खरा उपयोग दुसऱ्या तक्रारीला आहे. पहिलीचं मूळ जवळजवळ नेहमी रेडिएटर, फॅन आणि कॅप यांत सापडतं. तिसरीला एअर फिल्टरच्या तोंडापर्यंत बाहेरची हवा पोचते का आणि इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारी जाळी) स्वच्छ आहे का, हे बघायचं.

इथे फॉर्च्युनरचं उदाहरण हमखास पुढे येतं. पहिल्या पिढीच्या ३.० लिटर डिझेल फॉर्च्युनरला कंपनीचाच स्कूप होता. पण त्या गाडीत इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर आडवा बसवलेला होता आणि स्कूपमधून येणारी हवा थेट त्याच्यावर जायची. म्हणजे तो स्कूप टर्बोने दाबलेली हवा थंड करायचा. इंजिनची खोली थंड करणं हे त्याचं काम नव्हतं. तुमच्या गाडीचा इंटरकूलर पुढे जाळीमागे असेल तर तसाच स्कूप लावून नुसता आकार मिळेल, काम मिळणार नाही.

तपासा: तक्रार कधी होते ते लिहून काढा. उभ्या गाडीत, रांगेत, लोडसह घाटात, की मोकळ्या रस्त्यावर? रांगेत गरम आणि वेगात ठीक असेल तर संशय फॅनवर घ्या. वेगातही गरम होत असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट तापमानानुसार उघडणारी झडप) किंवा पंप.

## टप्पा २: आहे ती यंत्रणा आधी सुधारा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक गाड्यांचं दुखणं इथेच संपतं आणि बॉनेट कापायची वेळ येत नाही.

रेडिएटरची कॅप. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पार्ट. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण साध्या दाबाला साधारण १०७ अंशांवर उकळतं; १ बारच्या कॅपखाली तेच १२८ अंशांच्या आसपास जातं. कॅपचं रबर गेलं की ही वीस अंशांची राखीव जागा जाते. कॅपवर जो आकडा छापलाय, तीच घ्या. जास्त दाबाची लावली तर जुने होज फुटतात.

सावधान: इंजिन गरम असताना कॅप कधीही उघडू नका. वरचा होज हाताला थंड लागला आणि दाबल्यावर मऊ लागला, तरच उघडा.

पाणी आणि कूलंट. बोअरचं पाणी भरत राहिलात तर रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात. डिस्टिल्ड पाणी वापरा. शुद्ध कूलंट पाणी न मिसळता ओतणंही चूक आहे, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस असतं.

जाळ्या. घोडबंदर रोडची धूळ, तळोज्याचा सिमेंटचा फुफाटा आणि मेलेले किडे यांचा थर एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बसतो. पुढून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. टॉर्च घेऊन वरून त्या फटीत बघा. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाने सोडा. वॉशिंग सेंटरवाला पुढून जोराचा फवारा मारतो, त्याने कचरा आणखी आत रुततो आणि पातळ पट्ट्या आडव्या होतात.

श्राउड. फॅनभोवतीच्या प्लॅस्टिकच्या घेराकडे नीट बघा. पुढून ठोकर बसलेली गाडी दुरुस्त होऊन येते तेव्हा हा घेर तुटका किंवा गायब असतो आणि कुणी बोलत नाही. घेर नसेल तर फॅन आपल्याच भोवतालची हवा फिरवत बसतो, रेडिएटरमधून फारशी ओढत नाही. रेडिएटरच्या दोन्ही कडांच्या रबर किंवा फोमच्या पट्ट्याही तशाच महत्त्वाच्या. त्या नसतील तर हवा रेडिएटरला वळसा घालून जाते. फोमची पट्टी लावायला तास पुरतो आणि तिचा फायदा कुठल्याही स्कूपपेक्षा जास्त असतो, असं माझं ठाम मत आहे.

फॅन. व्हिस्कस फॅन (तेलाच्या क्लचमार्फत इंजिनावर फिरणारा) असेल तर इंजिन बंद आणि थंड असताना, चावी काढून, हाताने फिरवा. थोडा जड लागला पाहिजे. एक झटका दिल्यावर बरेच फेरे मोकळा फिरत राहिला, किंवा मधल्या डब्यावर तेलकट रेघा दिसल्या, तर क्लच गेला. इलेक्ट्रिक फॅन असेल तर एसी चालू केल्यावर तो पूर्ण जोराने लागतो का बघा.

सावधान: इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. बॅटरीचा निगेटिव्ह काढल्याशिवाय हात आत घालू नका.

पुढची वाट. जाळीवर लावलेली फुलांची माळ, जास्तीचे दिवे, मोठे हॉर्न, गणपतीत लावलेला बॅनर हे सगळं रेडिएटरच्या वाटेत येतं. काढा. इंजिनखालची प्लेट मात्र काढू नका. ती असल्यामुळे खालून हवा नीट ओढली जाते आणि पावसाचा चिखल वर उडत नाही.

हे सगळं झाल्यावर आठवडाभर नेहमीच्या लोडवर गाडी चालवा. तक्रार गेली असेल तर इथेच थांबा.

## टप्पा ३: आकडे घ्या

डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो आणि खरं तापमान बरंच वर गेल्याशिवाय हलत नाही. ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाच्या तपासणीची जोडणी) लावायचं ब्लूटूथ स्कॅनर घ्या आणि मोबाइलवर कूलंट आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघा. बॉनेटखालच्या हवेसाठी वायरवाला प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर लागतो. के-टाइप प्रोबचा मल्टिमीटरही चालतो. लाल किरणाची बंदूक हवेचं तापमान मोजत नाही आणि चकचकीत धातूवर चुकीचा आकडा देते.

प्रोब तीन जागी लावा: बॅटरीजवळ, फिल्टरच्या तोंडाशी आणि टर्बोपासून वीतभर लांब हवेत. धातूला टेकवू नका.

मार्ग एकच ठरवा आणि त्यात संथ रांग, चढण आणि मोकळा पट्टा तिन्ही असू द्या. कळंबोलीहून शिळफाटामार्गे मुंब्रा बायपास, किंवा ठाण्याहून घोडबंदर रोडने गायमुखची चढण हे चांगले. लोड, एसी आणि निघण्याची वेळ तीच ठेवा. प्रत्येक आकड्यातून बाहेरचं तापमान वजा करा. ३० अंशांच्या सकाळी बॉनेटखाली ७० आणि ३८ अंशांच्या दुपारी ७८, म्हणजे दोन्ही वेळा फरक ४०च. स्कूप बसवल्यावर ‘थंड वाटतंय’ म्हणणारे अनेकदा दुपारची तुलना सकाळशी करतात.

तपासा: कूलंट ८५ ते ९५च्या दरम्यान राहत असेल तर थर्मोस्टॅट आपलं काम करतोय. मग बॉनेटमध्ये कितीही भोकं पाडलीत तरी तो आकडा खाली येणार नाही, आणि यायलाही नको.

## टप्पा ४: हवा कुठून येते, कुठे जाते ते बघा

रेडिएटरमधून हवा जाते ती पुढचा दाब जास्त आणि मागचा कमी असतो म्हणून. पुढे तोंड असलेला स्कूप रेडिएटरच्या मागे हवा ढकलतो, म्हणजे मागचा दाब वाढवतो. ठाणे स्टेशनला लोकलमधून आधी उतरणाऱ्यांना उतरू दिलं तरच चढता येतं, तसंच हे आहे. आतल्या गरम हवेला वाट मिळाल्याशिवाय पुढून नवी हवा येत नाही.

शिवाय स्कूपकडे जोर किती असतो ते बघा. समोरच्या वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. ताशी ८० किमीला तो साधारण २९ मिमी पाण्याच्या उंचीइतका असतो. ४० ला ७ मिमी. लोड घेऊन घाट चढताना ३० चा वेग असेल तर ४ मिमी. रांगेत १० च्या वेगाला अर्धा मिमीसुद्धा नाही. म्हणजे इंजिन सगळ्यात जास्त तापतं तेव्हा, कसारा घाटात किंवा शिळफाट्यावर, स्कूप जवळपास मेलेला असतो आणि सगळं काम फॅन करतो. आकारही मोजा. ३० बाय ५ सेंमीच्या तोंडाचं क्षेत्रफळ १५० चौरस सेंमी होतं. ५० बाय ५० सेंमीच्या रेडिएटरचं २५००.

आता मोजणी. माशांच्या टाकीला लावतात ती पारदर्शक नळी घ्या, इंग्रजी यू आकारात वळवून फळीवर बांधा आणि निम्मी रंगीत पाण्याने भरा. फळी केबिनमध्ये शेजारी बसलेल्याच्या हातात. एका बाजूची नळी रेडिएटरच्या पुढे, दुसऱ्या बाजूची मागे न्या. दोन बाजूंच्या पाण्यात जितका फरक, तितका हवेचा जोर. आकडे लहान येतील, म्हणून फळी तिरकी करा: दर पाच सेंमीला एक सेंमी चढ ठेवला तर पाणी नळीत पाचपट सरकतं आणि वाचायला सोपं जातं.

मग बॉनेटवरची जागा शोधा. ॲक्रिलिकची पातळ गोल चकती घ्या, मधोमध वरून बारीक भोक पाडा, आतून मागच्या कडेने नळी काढा आणि चकती टेपने बॉनेटवर चिकटवा. यूची दुसरी बाजू बॉनेटखालच्या हवेत सोडा. गाडी एका स्थिर वेगाने चालवून प्रत्येक जागेची नोंद घ्या. आतला दाब वरच्यापेक्षा जास्त निघाला तर त्या जागी केलेल्या भोकातून हवा बाहेर जाईल. उलट निघाला तर आत येईल.

सहसा बॉनेटच्या पुढच्या एक-तृतीयांश भागात, नाकाचा उतार संपून पत्रा आडवा होतो तिथे, वरचा दाब कमी सापडतो. काचेच्या पायथ्याशी तो जास्त असतो. म्हणूनच केबिनच्या हवेची जाळी कंपनी तिथे ठेवते.

बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलण्याचा जो प्रकार चालतो, तो इथेच फसतो. उभ्या गाडीत गरम हवा वर येते, हाताला लागते आणि खात्री पटते की काम होतंय. गाडी वेगात आली की त्याच फटीतून हवा आत शिरते. खात्री करायची असेल तर फटीच्या कडेला लोकरीचे वीतभर धागे टेपने लावा आणि मोबाइल डॅशबोर्डवर ठेवून चित्रीकरण करा. रांगेत धागे बाहेर उडताना दिसतील आणि मोकळ्या पट्ट्यावर आत ओढले जातील. उभ्या गाडीत त्या फटीतून निघालेली डिझेलच्या वासाची गरम हवा केबिनच्या जाळीत जाते, हे वेगळंच.

सावधान: चालवणाऱ्याने पाण्याकडे किंवा मोबाइलकडे बघायचं नाही. वाचणारा माणूस वेगळा हवा. नळ्या बेल्ट आणि फॅनपासून लांब बांधा.

## टप्पा ५: न कापता जे जमतं ते करा

टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर गोळा करणारा तापलेला पाइप) यांवरचं पत्र्याचं आवरण जागेवर आहे का बघा. गॅरेजमध्ये काम करताना काढलेलं आवरण बरेचदा परत बसत नाही. बॅटरी आणि वायरिंगच्या बाजूला उष्णतारोधक पत्रा किंवा चादर लावा. फिल्टरचं तोंड बाहेरच्या हवेकडे नेणारी मूळ नळी तुटली असेल तर नवी घाला.

तरीही व्हेंटची चाचणी घ्यायची असेल तर आपलं बॉनेट कापू नका. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात दुसरं बॉनेट बघा आणि प्रयोग त्यावर करा. नाही जमलं तर मूळ बॉनेट घरी शाबूत असतं.

## टप्पा ६: कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ नोंदींपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कटर चालवण्याआधी आपल्या आरटीओत, म्हणजे एमएच-०४ ला ठाणे, एमएच-४३ ला नवी मुंबई, एमएच-४६ ला पनवेल, लेखी विचारा. विमा कंपनीलाही कळवा. ‘सगळेच लावतात’ हे उत्तर क्लेमच्या वेळी चालत नाही.

## टप्पा ७: कापायचंच असेल तर

१. बॉनेट गाडीवरून उतरवा. गाडीवर कापलं तर ग्राइंडरच्या ठिणग्या डिझेलच्या होजवर आणि लोखंडाचा कीस बेल्टवर पडतो.

२. उलटं करून आतल्या पट्ट्यांवर खडूने खुणा करा. भोक पट्ट्यांच्या मधेच. पट्टी कापलीत तर बॉनेट वेगात थरथरतं आणि ठोकर बसल्यावर जसं दुमडायला हवं तसं दुमडत नाही. लॉकच्या आसपास हात लावू नका.

३. पुठ्ठ्याचा साचा करून टप्पा ४ मध्ये सापडलेल्या जागीच ठेवा. बॅटरी, फ्यूज बॉक्स आणि फिल्टरच्या तोंडावर भोक येता कामा नये.

४. चारही कोपऱ्यांना आधी गोल भोकं पाडा, मग सरळ कापा. टोकदार कोपऱ्यापासून पत्रा चिरत जातो.

५. लहान सुरुवात करा. वाढवता येतं, कमी करता येत नाही.

६. कड कानशीने घासा, लगेच झिंक प्रायमर मारा, मग रंग. खाडीकाठच्या हवेत उघडी कड दोन पावसाळे टिकत नाही. जोड लांबीने (पुट्टीने) भरू नका. उष्णतेने ती तडकते.

७. व्हेंटचं तोंड मागे, उंची कमी. चालकाच्या सीटवर बसून बघा, पुढचा रस्ता झाकला जाता कामा नये. पातळ फायबरचा स्कूप टर्बोच्या वर लावू नका, तो वाकतो.

८. खाली पन्हळीसारखा पत्र्याचा ट्रे आणि त्याला बाजूला सोडलेली नळी हवीच. पावसाळ्यात गाडी उभी असताना पाणी सरळ आत पडतं. वर जाळी लावा, नाहीतर झाडाखाली उभ्या गाडीत पानं साचून मॅनिफोल्डवर सुकतात आणि तो आगीचा धोका आहे.

तपासा: बॉनेट परत बसवल्यावर लॉक आणि दुसरी खिट्टी दोन्ही लागतात का, हाताने उचलून बघा. मगच रस्त्यावर न्या.

## टप्पा ८: पुन्हा तेच आकडे

तोच मार्ग, तोच लोड, त्याच जागी प्रोब. प्रथम बाहेरच्या तापमानापासूनचा फरक बघा. बॅटरीजवळचा आकडा उतरला, कूलंट होता तिथेच आहे, तर व्हेंटने आपलं काम केलं. मग रेडिएटरच्या पुढचा-मागचा दाब पुन्हा मोजा. तो फरक आधीपेक्षा कमी झाला असेल तर व्हेंटमधून हवा बाहेर जाण्याऐवजी आत येते आहे. जागा चुकली, तोंड बंद करा.

उभ्या गाडीची चाचणीही घ्या. घाट चढून आल्यावर टर्बोसाठी इंजिन मिनिटभर मंद चालू ठेवा, बंद करा आणि पुढच्या पंधरा मिनिटांत बॉनेटखालचं तापमान कसं उतरतं ते लिहा. व्हेंटचा सगळ्यात भरवशाचा फायदा इथे दिसतो, कारण गरम हवेला वर जायला वारा लागत नाही. तुर्भ्याच्या एपीएमसीत दिवसाला अनेकदा गाडी बंद-चालू करणाऱ्यांसाठी हा आकडा मोकळ्या रस्त्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त कामाचा आहे.

जूनचा पहिला जोराचा पाऊस पडला की बॉनेट उघडून ट्रेची नळी तुंबली नाही ना, अल्टरनेटर आणि जोडण्या कोरड्या आहेत ना, कडेला गंज धरला नाही ना, हे बघा. नळीतून तार घालून ती मोकळी करायची सवय पावसाळाभर दर आठवड्याला ठेवा.